बेसबॉलचा ब्रॅडमन कोण? (बाबांनी विचारलंय आणि घरात तीन उत्तरं आलीत)

कोल्हापुरी_एडिसन

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत येऊन सतरा वर्षं झाली, बेसबॉल मात्र पोरगा लिटल लीगला (पोरांच्या बेसबॉलला) जायला लागल्यापासून बघतोय, म्हणजे आठ वर्षं. तेव्हा मी काही जाणकार नाही, इथं बरेच जण माझ्यापेक्षा जास्त बघणारे आहेत म्हणून विचारतोय.

बाबा मे महिन्यापासून इथं आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्य कोल्हापुरात गेलं, आणि लहानपणापासून सवय अशी की रेडिओवर कॉमेंट्री लागली की वही घेऊन बसायचं आणि बॉल बाय बॉल स्कोअर लिहायचा. इथं आल्यावर नातवाच्या मॅचला गेले तिथं कोचच्या हातात स्कोअरबुक बघितलं आणि झालं! आठवड्याभरात शिकले. प्रत्येक बॅटरला एक चौकोन, चौकोनात छोटा डायमंड, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट) झाला की इंग्रजी के, आणि बॅट न फिरवता नुसता बघत राहून आउट झाला तर तोच के उलटा काढायचा. शॉर्टस्टॉप सहा नंबर, सेकंड बेस चार, फर्स्ट बेस तीन, त्यामुळं डबल प्ले (एका फटक्यात दोन आउट) झाला की ६-४-३. बाबा म्हणाले, अरे हे आपल्या स्कोअरबुकापेक्षा नीट आहे, बॉल कुणाकुणाच्या हातातनं गेला ते पण कळतं.

तर २०२५ च्या वर्ल्ड सिरीजची (बेसबॉलच्या फायनलची) तिसरी मॅच, डॉजर्स आणि टोरांटो, अठरा इनिंग चालली, आमच्याकडं पहाटेचे तीन वाजायला आले, सून झोपली नातू झोपला, मी पेंगतोय आणि बाबा ताठ बसलेले. पानावरचे रकाने संपले तर भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑगस्टचं पान फाडून मागच्या बाजूला पट्टीनं रेघा मारल्या. डॉजर्सचा ओहतानी त्या मॅचमध्ये नऊ वेळा बेसवर पोचला, दोन होमरन (थेट भिंतीबाहेर, आपल्या सिक्सरसारखे), दोन डबल (मारून दुसऱ्या बेसपर्यंत), पाच वॉक (चार बॉल बाहेर पडले की फुकटचा पहिला बेस), त्यातले चार तर मुद्दाम दिलेले. बाबा सारखे विचारत होते, याला बॉल टाकतच का नाहीत?

दुसऱ्या दिवशी चहाला बसल्यावर म्हणाले, यांच्यातला ब्रॅडमन कोण रे? मी म्हणलं बेब रूथ. पोरगा खोलीतनं ओरडला ओहतानी. शेजारचे रिटायर्ड आजोबा आलेले होते, ते लहानपणी न्यूयॉर्कात पोलो ग्राउंड्सवर जायंट्सच्या मॅच बघायचे, ते म्हणाले विली मेज, आणि मग तासभर तेच बोलले.

माझा प्रश्न असा आहे की ब्रॅडमन म्हणजे नुसता पहिला नंबर नाही ना, ९९.९४ आणि बाकी सगळे साठीच्या आसपास, मधे कुणीच नाही. एवढं अंतर बेसबॉलमध्ये कुणाचं आहे का? आणि दुसरं, बॅरी बॉन्ड्सचे ७६२ होमरन धरायचे का नाही? बाबांना तो स्टेरॉइडचा घोळ समजावून सांगताना माझीच गडबड झाली.

---

आकडेबहाद्दर

तुमचंच उत्तर बरोबर आहे, रूथ. आणि ब्रॅडमनसारखं अंतर म्हणताय तर ते फक्त त्याच्याकडंच आहे.

१९१९ ला रूथनं २९ होमरन मारले, तो तेव्हा सीझनचा रेकॉर्ड. मग बॉस्टननं त्याला यांकीजला विकून टाकल्यावर १९२० साली एकट्यानं ५४ मारले. आता हे नीट वाचा, त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या बाकीच्या सात टीमपैकी एकाही अख्ख्या टीमला ५४ जमले नाहीत. एक माणूस विरुद्ध अख्खी टीम! मग १९२१ ला ५९, १९२७ ला ६०, एकूण ७१४. त्याच्या आधी होमरन हा अधूनमधून घडणारा प्रकार होता, सिंगल मारा, बंट करा (बॉल हळूच टेकवा), बेस चोरा, असा सगळा खेळ होता. यानं एकट्यानं खेळाची पद्धत बदलली. (हो, १९२० पासून थुंकी लावलेल्या बॉलवर बंदी आली, मळलेले बॉल लवकर बदलायला लागले, त्याचा फायदा झाला, पण तो फायदा सगळ्यांना होता.)

आणि हे सगळं व्हायच्या आधी तो बॉस्टनचा डावखुरा पिचर (बॉल टाकणारा) होता. ९४ मॅच जिंकलेत पिचर म्हणून. १९१६ आणि १९१८ च्या वर्ल्ड सिरीज मिळून सलग २९ इनिंगच्या वर एकही रन दिला नाही, तो रेकॉर्ड १९६१ पर्यंत टिकला.

हल्ली वॉर नावाचा हिशोब काढतात, म्हणजे साध्या बदली खेळाडूच्या जागी हा खेळला तर किती मॅच जास्त जिंकल्या. त्यात रूथ १८३ च्या आसपास, बॉन्ड्स १६३, मेज १५६, ॲरन १४३. बाबांना हेही सांगा की ब्रॅडमन आणि रूथ खरोखर भेटलेत, १९३२ ला ब्रॅडमन अमेरिकेच्या दौऱ्यावर होता तेव्हा यांकी स्टेडियममध्ये.

---

खाडीपलीकडचा

बॉन्ड्सचं नाव काढलंत म्हणून लिहितोय, एरवी मी यावर बोलत नाही कारण बोललो की भांडण होतं.

मी २००१ पासून सॅन फ्रान्सिस्कोला मॅच बघितल्यात. तेव्हा नवीन नोकरी, पैसे जपून खर्च करायचो, वरचं सगळ्यात स्वस्त तिकीट. स्टेडियमच्या उजव्या भिंतीपलीकडं खाडी आहे, लोक पाण्यात छोट्या होड्या घेऊन जाळी धरून थांबलेले असायचे. बॉन्ड्स बॅटिंगला यायचा तेव्हा खाण्याच्या रांगेतली माणसं रांग सोडून आत पळायची, मी स्वतः दोनदा हातातलं सोडून पळालोय. आणि समोरचा पिचर काय करायचा? चार बॉल बाहेर टाकून वॉक द्यायचा. मग प्रेक्षक रबरी कोंबड्या वर धरायचे, घाबरट म्हणून. २००४ ला त्याला २३२ वॉक मिळाले, त्यातले १२० मुद्दाम दिलेले. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ एकसष्ट वेळा तो बेसवर. १९९८ ला तर ॲरिझोनानं सगळे बेस भरलेले असताना नवव्या इनिंगला त्याला वॉक दिला, एक रन फुकट देऊन टाकला पण त्याला बॅट फिरवू दिली नाही. ब्रॅडमनला कुणी असं केलं का? कोल्हापुरी, तुमच्या बाबांनी ओहतानीबद्दल जे विचारलं ना, याला बॉल का टाकत नाहीत, ते आम्ही चार वर्षं रोज विचारायचो.

आता घोळाचं. जे आरोप आहेत ते १९९८ नंतरच्या काळाचे. तोपर्यंत त्याचे तीन एमव्हीपी (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) झालेले, ४०० होमरन आणि ४०० स्टील (चोरलेले बेस) पूर्ण झालेले, हे आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. तो तिथंच थांबला असता तरी हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत) गेला असता. पुढं काय केलं असेल ते केलं, मी त्याची बाजू घेत नाही. मला त्याचा राग आहे आणि तो राग असा आहे की त्याला गरजच नव्हती. २०२२ ला पत्रकारांच्या शेवटच्या मतदानात ६६ टक्के मतं पडली, ७५ लागतात. मी मतदार असतो तर काय केलं असतं मला अजून सांगता येत नाही. पण हातात बॅट घेतलेला त्याच्याइतका भीतीदायक माणूस मी बघितलेला नाही, हे मात्र खरं.

---

अटलांटाची_आत्या

हँक ॲरनचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून मलाच यावं लागलं.

त्याच्या ३७७१ हिट्समधनं (मारून बेसवर पोचलेल्या वेळांमधनं) सगळेच्या सगळे ७५५ होमरन काढून टाका. उरतात ३०१६. म्हणजे एकही होमरन न मारता तो तीन हजार हिट्सवाला राहतो! एका सीझनला त्यानं कधी पन्नास मारले नाहीत, जास्तीत जास्त ४७. पण सलग वीस वर्षं वीस किंवा जास्त. माझ्या आजीच्या भाषेत सांगायचं तर रोजचा स्वयंपाक, सणाचं ताट नव्हे, पण वीस वर्षं एकदाही करपलं नाही.

पण मला त्याच्याबद्दल बोलायचंय ते वेगळंच. १९७३ चा सीझन संपला तेव्हा तो ७१३ वर होता, रूथपेक्षा एक कमी. अख्खा हिवाळा तसाच काढायचा होता. गोऱ्या माणसाचा रेकॉर्ड काळा माणूस मोडतोय म्हणून त्याला पत्रं यायची, ढिगानं यायची, शिव्या आणि मारून टाकायच्या धमक्या. मुलांना पळवून नेऊ अशा सुद्धा. सोबत अंगरक्षक असायचा. अशात तो मैदानात उभा राहून बॉल बघत होता. ८ एप्रिल १९७४ ला इथं अटलांटात ७१५ वा मारला, तेव्हा प्रेक्षकांतले दोन पोरगे उडी मारून आत आले आणि त्याच्याबरोबर पळायला लागले, आनंदानं. ती क्लिप मी जेव्हा जेव्हा बघते तेव्हा ती दोन पोरं दिसली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण धमक्यांचं आपल्याला माहीत असतं. होम प्लेटला पोचल्यावर त्याच्या आईनं त्याला अशी काही घट्ट मिठी मारली की सोडेच ना.

ती पत्रं त्यानं फेकली नाहीत, जपून ठेवली, विसरायचं नाही म्हणून. आणि खाडीपलीकडचे, २००७ ला तुमच्या बॉन्ड्सनं ७५६ वा मारला तेव्हा स्टेडियमच्या स्क्रीनवर याच ॲरनचा अभिनंदनाचा निरोप दाखवला होता. आठवतंय ना? मी त्याला ब्रॅडमन म्हणत नाही. पण मागं काय उरलं असं विचारलंत तर मी आधी त्याचं नाव घेईन.

---

खाडीपलीकडचा

आठवतंय ताई. मी त्या दिवशी घरी टीव्हीवर बघत होतो. त्याचा चेहरा मोठ्या स्क्रीनवर आला तेव्हा स्टेडियममधल्या कुणालाच कल्पना नव्हती.

---

नवव्या_इनिंगला

ओहतानी. १७ ऑक्टोबर २०२५, मिलवॉकीविरुद्ध, फायनलला जायची मॅच. पिचर म्हणून सहा इनिंगच्या वर शून्य रन, दहा स्ट्राइकआउट. बॅटर म्हणून तीन होमरन. त्याच मॅचमध्ये, त्याच माणसानं. रूथनं पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही पूर्णवेळ फार तर दोन सीझन केलं आणि मग पिचिंग जवळजवळ सोडूनच दिलं, हा आजच्या ताशी शंभर मैलांच्या जमान्यात करतोय. २०२४ ला ५४ होमरन आणि ५९ स्टील. २०२५ चा धरून चार एमव्हीपीचा मानकरी. मुलाला सांगा तू बरोबर आहेस.

---

आकडेबहाद्दर

@नवव्या_इनिंगला, ती मॅच आजवरची सगळ्यात भारी मॅच होती, मान्य. पण एक रात्र वेगळी आणि बावीस सीझन वेगळे. २०२५ ला तो एकतीसचा झाला, कोपराचं ऑपरेशन दोनदा झालंय. अजून आठ वर्षं असंच खेळला तर मीच इथं येऊन माझं उत्तर बदलेन.

---

फेनवेची_भिंत

क्रिकेटवाल्या बाबांना टेड विल्यम्सची गोष्ट सांगा, त्यांना सगळ्यात जास्त तीच कळेल.

१९४१, सीझनचा शेवटचा दिवस, फिलाडेल्फियात दोन मॅच. विल्यम्सची सरासरी (दर बॅटिंगमागं किती हिट) .३९९५५, म्हणजे पुस्तकात .४०० च लिहिली गेली असती. मॅनेजर म्हणाला, आज बसून आराम कर, चारशे झाले. तो बसला नाही. दोन्ही मॅच खेळला, आठात सहा हिट, सीझनची सरासरी .४०६. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण सीझनला आजतागायत कुणी चारशेला पोचलेलं नाही. तिकडं ब्रॅडमनला शेवटच्या डावात चार रन हवे होते सरासरी शंभर व्हायला आणि दुसऱ्याच बॉलला बोल्ड. दोघांच्या गोष्टी शेजारी ठेवून बघा!

ब्रॅडमनची महायुद्धात वर्षं गेली तशीच याचीही, १९४३ ते ४५ तीन सीझन पूर्ण, नंतर कोरियात विमान चालवायला परत बोलावलं तेव्हा जवळजवळ दोन. ऐन उमेदीतली पाच वर्षं. तरी ५२१ होमरन आणि बेसवर पोचायचं प्रमाण .४८२, ते आजही पहिल्या नंबरावर, रूथच्याही वर.

---

कॅन्सस_मुक्काम

सगळे प्रतिसाद वाचले, छान लिहिलंय सगळ्यांनी, पण मला एक गोष्ट खटकतेय. रूथ ज्या लीगमध्ये खेळला तिथं एकाही काळ्या पिचरला परवानगी नव्हती. विल्यम्सचं १९४१ पण तसलंच. मग अंतर कशाच्या तुलनेत मोजायचं?

आमच्या कॅन्सस सिटीला निग्रो लीगचं (काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगचं) म्युझियम आहे. आत शिरल्या शिरल्या एक छोटं मैदान दिसतं, त्यावर ब्राँझचे खेळाडू आपापल्या जागेवर उभे, पण मधे कोंबड्यांच्या खुराड्याला असते तसली जाळी. तुम्हाला आत जाता येत नाही. सगळा इतिहास बघत बघत, वेगळी हॉटेलं, बसमध्येच झोपणं, मागच्या दारानं जेवण घेणं, हे सगळं बघून झालं की शेवटी ते मैदान उघडतं आणि तुम्ही त्यांच्यामधे जाऊन उभे राहता. माउंडवर (पिचरच्या जागी) सॅचेल पेज, कॅचरच्या जागी जॉश गिब्सन बसलेला. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, ती गिब्सनसमोर तशीच उकिडवी बसली आणि त्याच्या ग्लव्हमध्ये हात घालून बघत होती.

२०२४ च्या मे महिन्यात मेजर लीगनं निग्रो लीगचे आकडे अधिकृत धरले आणि करिअरच्या सरासरीत गिब्सन .३७२ वर पहिला आला, टाय कॉब .३६७ वर खाली गेला. सीझन छोटे होते हे खरं, लोक लगेच तेच म्हणतात. पण सीझन छोटे कुणामुळं होते? गिब्सन १९४७ च्या जानेवारीत वारला, पस्तिसाव्या वर्षी. १५ एप्रिलला काळ्यांवरची ती बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडनं मैदानात उतरला. तीन महिने सुद्धा नाहीत मधे. पेजला मेजर लीगमध्ये घेतलं तेव्हा तो बेचाळीसचा होता.

विल्यम्सबद्दल मला आदर आहे तो .४०६ मुळं नाही. १९६६ ला हॉल ऑफ फेममध्ये त्याचा सत्कार झाला तेव्हा भाषणात त्यानं गिब्सन आणि पेज यांची नावं घेतली आणि हे लोक इथं असायला पाहिजेत, त्यांना संधी दिली नाही म्हणून ते इथं नाहीत, असं सगळ्यांसमोर बोलला. तेव्हा असं कोण बोलत होतं? पुढं १९७१ ला पेज आत आला, १९७२ ला गिब्सन.

---

कोल्हापुरी_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सगळे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले, दोन तास गेले कारण प्रत्येक आकडा त्यांनी वहीत उतरवून घेतला.

गिब्सनचं ऐकल्यावर गप्प झाले. मग म्हणाले, आपले भाऊसाहेब निंबाळकर. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या कोल्हापूरचे, १९४८ ला पुण्यात महाराष्ट्राकडनं काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा रेकॉर्ड नऊ रनवर आलेला आणि समोरच्या कॅप्टननं मॅचच सोडून दिली. टेस्ट एकही खेळायला मिळाली नाही.) बाबा म्हणाले, ज्याला खेळूच दिलं नाही त्याची सरासरी कुठल्या वहीत लिहायची?

---

कॅन्सस_मुक्काम

काकांना नमस्कार सांगा. भाऊसाहेबांवर अन्याय झालाच, पण त्यांना कुठल्या नियमानं अडवलं नव्हतं. गिब्सनशी तुलना करायची तर पळवणकर बाळूंची करा. चांभार समाजातले म्हणून पुण्यात आपल्याच टीमच्या लोकांपासून वेगळे, पॅव्हेलियनबाहेर बसून चहा प्यायचे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरच्या वर विकेट काढल्या आणि तरी हिंदू टीमची कॅप्टनशिप त्यांना कधी दिली नाही. जाळी आपल्याकडं पण होती.

---

कोल्हापुरी_एडिसन

हे वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, बरोबर आहे, लिहून घे. मग त्यांनीच वहीत लिहिलं.

आता निकाल सांगतो, बाबांचा. शेजारच्या आजोबांना पण बोलावलं होतं. त्यांनी मेजचा तो १९५४ चा कॅच परत सांगितला, यावेळी उठून उभं राहून. वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच, आठवी इनिंग, २-२, दोन माणसं बेसवर, विक वर्ट्झनं सेंटरला सव्वाचारशे फुटांच्या आसपास मारला. दुसऱ्या बऱ्याच स्टेडियममध्ये होमरनच, पण पोलो ग्राउंड्सचं सेंटर खोल. मेज बॉलकडं पाठ करून पळत सुटला आणि खांद्यावरनं ओंजळीत झेलला. आजोबा म्हणाले, लोक कॅचबद्दल बोलतात, पण खरी गंमत त्यानंतरची, टोपी उडाली, स्वतः पडता पडता वळून त्यानं बॉल परत फेकला आणि एकही रन आला नाही. जायंट्सनी ती मॅच दहाव्या इनिंगला जिंकली आणि सिरीज ४-०.

मी मधे आकडे घातले. ६६० होमरन, रूथपेक्षा ५४ कमी. पण १९५२ चा बराचसा सीझन आणि १९५३ अख्खं मेज सैन्यात होता, परत आला त्या वर्षी एमव्हीपी. ती दोन वर्षं दिली असती तर ५४ काही लांब नव्हते. फिल्डिंगचे बारा गोल्ड ग्लव्ह, आणि ते बक्षीस सुरूच १९५७ ला झालं. आजोबांनी आणखी एक सांगितलं की मेज हार्लेममध्ये राहायचा तेव्हा सकाळी पोरांबरोबर रस्त्यावर झाडूच्या दांड्यानं आणि रबरी बॉलनं खेळायचा आणि मग स्टेडियमला. बाबा खूश झाले, म्हणाले, म्हणजे गल्लीतला!

मग थोडा वेळ वही चाळत बसले आणि म्हणाले, माझा प्रश्नच चुकला. ब्रॅडमन तुमचा रूथच असणार, त्यात वाद नाही. मी सोबर्स कोण ते विचारायला पाहिजे होतं. सोबर्सला १९६६ ला भारतात आला तेव्हा रेडिओवर ऐकलाय मी. बॅटिंग करायचा, फास्ट टाकायचा, स्पिन टाकायचा, जवळ उभा राहून कॅच घ्यायचा, कशात कमी आहे ते सापडायचं नाही. तसा हा मेज.

पोरगा म्हणाला आजोबा, ओहतानी पण सोबर्सच की, पिचिंग पण करतो. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी येतो तेव्हा बघू, त्याचं पान कोरं ठेवलंय. येत्या शनिवारी त्यांचं विमान आहे, नवीन स्कोअरबुक घेऊन दिलंय, सामान भरताना कपड्यांच्या आधी तेच ठेवलं.

---

आकडेबहाद्दर

सोबर्स आणि मेज, हे मान्य. हे मला सुचायला पाहिजे होतं.

एक काम करा, शनिवारच्या आत. बाबांनी मेजचे हिट्स ३२८३ असे लिहिले असतील, जुन्या पुस्तकांत तोच आकडा आहे. १९४८ ला शाळेत असताना तो बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडनं खेळायचा, तिथले दहा आता धरलेत. ३२९३ करायला सांगा.

---

कोल्हापुरी_एडिसन

३२८३ च होतं. पेननं लिहिलेलं, त्यामुळं खोडलं नाही, वर काट मारून शेजारी ३२९३ लिहिलं आणि समासात "अधिक १०, बर्मिंगहॅम".